अडतीस कुत्र्यांची घोंगडी

१४ मार्च २०२३, मंगळवार. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जयसिंगपुरात, भाऊसो या अडत व्यापाऱ्यांच्या घराच्या पायरीवर, वर्षाराणीने मला मधोमध कापलं. लोकर जाड असल्यामुळे चार मिनिटं लागली. समोर टायसन नावाचा रॉटवायलर साखळीला बांधलेला होता. तो माझ्यावरून नजर हलवत नव्हता.

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. पट्टणकोडोलीत गुंडू सनगर यांच्या खड्डामागावर माझा जन्म झाला. काळ्या मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ आणि तीन आठवड्यांची मेहनत एवढं माझं भांडवल. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले जोतीराम मला घरी घेऊन आले. त्यांच्या गोठ्यात तीन म्हशी होत्या. थंडीत धार काढताना ते मला खांद्यावर घेत, उन्हाळ्यात बूड टेकायला अंथरत. अशी माझी सहा वर्षं गेली. त्या काळाबद्दल माझी काही तक्रार नाही आणि सांगण्यासारखंही फार काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते मैनेमुळे. मैना ही गोठ्यातली कारवानी कुत्री. धारेच्या वेळी ती म्हशींच्या पायांत यायची. एकदा लाथ बसून तिची बरगडी दुखावली. जोतीरामांची थोरली मुलगी वर्षाराणी तेव्हा कॉलेज संपवून घरीच होती. तिने मला गोठ्याच्या कोपऱ्यात अंथरलं आणि मैनेला माझ्यावर बसायला शिकवायला घेतलं. हातात भाकरीचे बारीक तुकडे आणि तोंडात एकच शब्द, "जाग्यावर." बाराव्या दिवशी तिन्ही म्हशींची धार निघेपर्यंत मैना माझ्यावरून उठली नाही.

गोठ्यावर दूध प्यायला येणारी माणसं हे बघत. त्यांतले शेजारच्या तालमीतले आकाराम वस्ताद एकदा म्हणाले, "जोती, तुझं कुत्रं आमच्या पोरांपेक्षा शिस्तीचं हाय की." दुसऱ्याने आपल्या घरच्या कुत्र्यासाठी वर्षाराणीला बोलावलं. मग तिसऱ्याने बोलावलं. ती मला गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवायची. पोचल्यावर मला अंथरायची आणि काम सुरू करायची. वर्षभरात सात कुत्री माझ्यावर बसायला शिकली. लोक तिला घोंगडंवाली म्हणू लागले. त्यात कौतुक होतं आणि मलाही ते आवडायचं.

टायसन हा आठवा. त्याने हमालाच्या पोटरीला चावा घेतला होता आणि तेव्हापासून चौदा महिने तो साखळीला होता. भाऊसोंची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती. एप्रिलमध्ये बाळ घेऊन ती परत येणार होती. भाऊसोंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "पोरी, बाळ घरात यायच्या आत ह्यो सुधारला तर ऱ्हाईल. न्हाईतर माळावरच्या खडी क्रशरला देणार राखणीला. बोलून ठेवलंय मी."

"क्रशरला द्यायची पाळी न्हाई येणार, काका," वर्षाराणी म्हणाली. "एकवीस दिवसांत करतो मी."

तिने एकवीस दिवस घेतलेही. शेवटच्या दिवशी टायसन माझ्यावर दगडासारखा बसला होता आणि त्याच्यासमोरून सहा हमाल पोती घेऊन गेले. कुणीतरी व्हिडिओ केला. वर्षाराणीने मला गुंडाळलं आणि आम्ही कोल्हापूरला परतलो.

चौथ्या दिवशी दुसरा व्हिडिओ आला. फाटक उघडं, टायसनच्या तोंडात पाहुण्यांची पिशवी, पाहुणे ओट्यावर आणि चपला अंगणभर. कुणीतरी दोन्ही व्हिडिओ जोडून खाली लिहिलं होतं, 'घोंगडं गेलं, शिक्षण गेलं.' संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या पेठेत फिरला. दूध पिता पिता आकाराम वस्तादांनी विचारलं, "वर्षे, घोंगडं भाड्यानं देत्यास काय? आमच्या जावयाला पायजे होतं."

सगळे हसले. वर्षाराणीने शेण भरलेली पाटी उचलली आणि ती आत गेली. त्या आठवड्यात ठरलेली दोन कामं मोडली.

५ मार्चला ती न बोलावता जयसिंगपूरला गेली. भाऊसोंच्या पत्नी अंजनाकाकू टायसनला पाणी ठेवत होत्या. स्कूटर फाटकात आली तसा त्याने असा हिसडा दिला की साखळीची कडीच निघाली. काकू ओरडल्या, हमाल बाजूला पळाले. टायसन मात्र कुणाच्याही अंगावर गेला नाही. तो सरळ स्कूटरपाशी आला. त्याने माझी किनार दातात धरून मला खाली ओढलं, पंजाने जरा पसरलं आणि माझ्यावर बसून वर्षाराणीकडे पाहिलं.

वर्षाराणी पायरीवर बसली. म्हणाली, "काकू, चुकलो मी. ह्याला मी थांबायला शिकीवलंच न्हाई. घोंगडं शिकीवलं. घोंगडं घेऊन गेलो, तर ह्यो बसणार कुठं?"

मित्रांनो, सात कुत्र्यांच्या यशात आम्हा दोघींच्याही हे लक्षात आलं नव्हतं. कुत्री वर्षाराणीचं आणि माझं ऐकत होती. घरातल्यांचं कुणीच ऐकत नव्हतं, कारण घरातल्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. टायसनला भाऊसो "गप" म्हणत, काकू "बस की बाबा" म्हणत, हमाल "हाड" म्हणत आणि जेवताना सगळेच आपल्या ताटातला तुकडा त्याच्याकडे भिरकावत.

"आजपास्नं तुमी शिकवायचं," वर्षाराणी काकूंना म्हणाली. "मी नुसता बसणार."

"मला त्याचं भ्या वाटतंय गं."

"त्यालाबी तुमचं वाटतंय. दोघंबी हळूहळू घ्या."

आठवडाभर काकू "जाग्यावर" म्हणाल्या आणि टायसन माझ्यावर बसला. आता मला थोडं थोडं काढून घ्यायचं होतं. जोतीरामांच्या घरात घोंगडीला कात्री लावत नसत. वर्षाराणीने धारेच्या वेळी त्यांना विचारलं, "आबा, घोंगडं कापू?"

त्यांनी हातातली धार पुरी केली. "सनगरानं तीन आठवडं घालवल्यात त्याच्यावर," ते म्हणाले. मग विचारलं, "किती तुकडं करणार?"

"म्हाईत न्हाई."

"मग काप. पर हितं नगं. तिथंच काप, त्यांच्या पायरीवर. लोकास्नी बघू दे."

म्हणून १४ मार्चची ती सकाळ. एक अर्धा भाग वर्षाराणीकडे राहिला, दुसरा टायसनसमोर पडला. अठरा तारखेला तो भाग पुन्हा निम्मा झाला. तेवीसला तो टॉवेलएवढा होता आणि एकोणतीसला तळहाताएवढा. एवढ्याशा तुकड्यावर तो एवढा मोठा कुत्रा पुढचा एक पंजा टेकवून बसायचा. हमाल हसायचे, पण फाटकातून आता जपून न चालता नेहमीसारखे चालायचे. ३ एप्रिलला काकूंनी तोही तुकडा उचलून कनवटीला लावला आणि मोकळ्या फरशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जाग्यावर." टायसनने फरशी हुंगली आणि तो बसला.

९ एप्रिल, रविवार. बाळ घरी येण्याचा आणि बारशाचा दिवस. पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. टायसनला माझा वास येऊ नये म्हणून वर्षाराणीने मला, म्हणजे तिच्याकडच्या अर्ध्या भागाला, स्कूटरच्या डिकीत बंद केलं होतं. मी ऐकलं ते आणि नंतर काकूंनी सांगितलं ते, एवढंच लिहिते.

मांडवात दीडशे माणसं होती. साखळी नव्हती. भाऊसोंनी व्याह्यांना तसं आधीच सांगितलं होतं आणि व्याह्यांनी नापसंतीही सांगितली होती. सून बाळाला घेऊन दारात थांबली. काकूंच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. त्यांनी तुकडा दोघांवरून ओवाळला आणि रिवाजाप्रमाणे बाजूला टाकला. तो टायसनच्या पायांपासून हातभर अंतरावर पडला.

या तुकड्याचा विचार कुणीही केला नव्हता. वर्षाराणीनेही नाही. चौदा महिने याच घराने त्याला भिरकावलेला तुकडा झेलायला शिकवलं होतं आणि तुकड्याच्या पुढे दोन पावलांवर बाळ होतं. टायसन उभा राहिला. डिकीत मला एवढंच कळलं की बाहेरचा गलका एकाएकी बंद झाला.

काकूंच्या हातात तांब्या तसाच होता. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "जाग्यावर."

टायसनने भाकरीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि तो फरशीवर बसला. काकूंनी सुनेच्या पायांवर पाणी घातलं. बाळ त्याच्यासमोरून आत गेलं. मग भाऊसोंचा आवाज आला, "क्रशरवाल्याला फोन लावा रे. म्हणावं, दुसरं कुत्रं बघ."

त्यानंतर वर्षाराणीला कामासाठी दार शोधावं लागलं नाही. गोठ्यामागच्या जागेत तिच्या नावाची पाटी लागली. तिची अट एकच आहे: घरातली सगळी माणसं हजर असल्याशिवाय पहिला धडा नाही. डॉक्टर येतात, वकील येतात, बागायतदार येतात आणि आपापल्या सासूबाईंसह एका आवाजात "जाग्यावर" म्हणायचा सराव करतात. गेल्या वर्षी आकाराम वस्तादसुद्धा आपला डॉबरमन घेऊन आले.

"वर्षे, शंभर मल्ल घडीवलं, पर ह्यो ऐकंना."

"मामा, त्याचं ऱ्हाऊ द्या. आधी तुमी बसा."

वस्ताद बसले.

आजवर अडतीस कुत्री झाली. परजिल्ह्यातल्या एका स्पर्धेत आज्ञापालनाच्या पहिल्या तीन बक्षिसांपैकी दोन तिच्या विद्यार्थ्यांनी आणली. नव्या घोंगड्याही आल्या आहेत. अवघड कुत्र्यांसाठी मात्र ती मलाच काढते. माझ्यात इतक्या कुत्र्यांचा वास आहे की कितीही बिथरलेलं कुत्रं मला हुंगायला थांबतं. वर्षाराणीकडच्या त्या अर्ध्या भागातून प्रत्येकासाठी मी थोडी थोडी कापली गेले. आता मी वीतभर उरले आहे. याचं वाईट वाटतं का, असं तुम्ही विचाराल. कधी कधी वाटतं. पण ज्या घरी माझी गरज संपली, त्या प्रत्येक घरी आमचं काम पुरं झालं, हेही मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रं असेल तर एवढं करा. त्याला साखळीला बांधून शिक्षकाची वाट बघू नका. घरातल्या सर्वांनी मिळून एक शब्द ठरवा, रोज थोडा वेळ द्या आणि ताटातला तुकडा भिरकावू नका. ते चुकलं, तर आधी आपण काय शिकवलं ते आठवून बघा.

सध्या मी मलकापुरात आहे, शालूबाई नावाच्या एकट्या आजींच्या घरी. रस्त्यावर मार खाल्लेली एक तांबडी कुत्री त्यांनी घरात घेतली आहे. ती अकरा दिवस उजेडात खाटेखालून बाहेर आलेली नाही. दोन शिक्षक बघून गेले आणि नाही म्हणाले. वर्षाराणी आल्यावर शालूबाई म्हणाल्या, "तुझं नाव ऐकून बोलावलंय बाई. ही न्हाई आली भाईर, तरी मी हिला सोडणार न्हाई. पर हिनं एकदा ऊन तरी बघावं." वर्षाराणीने मला खाटेच्या कडेला ठेवलं आणि शालूबाईंना माझ्यासमोर जमिनीवर बसवलं. स्वतः दाराबाहेर जाऊन बसली. आज चौथा दिवस आहे.

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंतची माहिती अशी: कुत्रीने मला दोनदा हुंगलं आहे. तिचे पुढचे दोन्ही पंजे माझ्यावर आहेत. बाकीचं अंग अजून खाटेखाली आहे.