जांघेपुरती भूल

माझे बाबा सुतार. चाळीस वर्षं रंधा मारून लाकडाचा भुसा छातीत साठलेला. चार पायऱ्या चढले की भात्यासारखे धापा टाकायचे. जांघेत लिंबाएवढा हर्निया होता. खोकला आला की तो बाहेर यायचा. बाबा हाताने आत ढकलायचे आणि म्हणायचे, "हा भाडेकरू काही घर सोडत नाही."

मी सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरची नर्स. छाती खराब असलेल्यांची तेवढीच जागा बधिर करून हे ऑपरेशन करतात, हे मी रोज बघते. माणूस टेबलावर गप्पा मारतो आणि संध्याकाळी चालत घरी जातो. मी दादाला म्हटलं, "त्यांना माझ्याकडे आण."

"तुझ्याकडे? एका खाटेवर दोघं झोपतात तिथे! जन्मभर खस्ता खाल्ल्या त्यांनी. आता तरी नीट होऊ दे."

खाजगी रुग्णालयातल्या सर्जननी दुर्बिणीने ऑपरेशन करायचं ठरवलं. त्याला पूर्ण भूल लागते. मी फोन करून विचारलं, "त्यांच्या छातीचं काय?"

"सिस्टर, आम्ही सगळ्यांना पूर्णच देतो. पेशंटला काही कळत नाही, त्रास नाही."

संमतीच्या फॉर्मवर दादाने सही केली. बाबा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. लिहिता-वाचता येणारा, पूर्ण शुद्धीवर असलेला माणूस! त्यांच्यापुढे कोणी पेनसुद्धा धरलं नाही.

ऑपरेशनला मला रजा मिळाली नव्हती. मी पोचले तेव्हा बाबांच्या घशात नळी होती आणि मशीन त्यांचा श्वास घेत होतं. भुलीतून बाहेर काढल्यावर तासाभरात ते निळे पडले होते.

"ऑपरेशन मात्र यशस्वी झालं म्हणतात," दादा म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात भूल देणारे डॉक्टर बाहेर आले. हेच डॉक्टर सकाळी आमच्या रुग्णालयात असतात!

"डॉक्टर, परवा त्या दम्याच्या हमालाला तुम्ही पूर्ण भूल द्यायला नकार दिलात. मग इथे काय झालं?"

ते खाली बघत म्हणाले, "इथे सर्जन ठरवतात. मी नाही म्हटलं असतं, तर त्यांनी दुसऱ्याला बोलावलं असतं."

"मग बोलावू द्यायचं होतं!" मी इतक्या जोरात ओरडले, की बाकावरचे लोक उठून उभे राहिले. डॉक्टर घाईघाईने जिना उतरून गेले.

सहाव्या दिवशी नळी निघाली. बाबा वाचले, पण आवाज चिरका झाला आणि रंधा कायमचा सुटला. घरी आल्यावर मी त्यांच्यापुढे त्या सर्जनचा उद्धार करत होते. तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडत बाबा म्हणाले, "जागा बधिर करूनही होतं, हे तुला माहीत होतं ना? मग मला का नाही सांगितलंस?"

मी दादाशी भांडले होते, सर्जनला फोन केला होता. बाबांशी बोलायचं मला सुचलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी आमच्या टेबलावर एक धोबी होता, हर्नियाचाच. कागदावर त्याचा अंगठा व्हरांड्यातच उमटवून घेतलेला. शिकाऊ डॉक्टर कमरेखालचं सगळं बधिर करणारं इंजेक्शन पाठीत द्यायला सरसावला.

"मामा, कुठली भूल देणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं का?" मी विचारलं.

"छे! आम्हाला कोण सांगतंय, बाई?"

मी हत्यारांच्या ट्रेवर कापड टाकलं. "आधी यांना समजावून सांगा. मग ट्रे देते."

"सिस्टर! अजून सहा पेशंट आहेत यादीत!" आमचे सर्जन खेकसले.

"साठ असू देत."

दहा मिनिटं त्यांनी दातओठ खात समजावलं: जागा बधिर केली तर काय, पाठीत दिलं तर काय. धोब्याने नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि पाठीतलं इंजेक्शन निवडलं. त्याच्या जागी मी असते, तर ते निवडलं नसतं. पण पाठ त्याची होती. मी कापड काढलं.

संध्याकाळी कामात अडथळा आणल्याचा मेमो हातात पडला. मंगळवारच्या यादीत आठ नावं होती. ड्युटी सुरू व्हायच्या तासभर आधीच मी वॉर्डात गेले आणि पहिल्या खाटेपाशी स्टूल ओढून बसले.