खंडेनवमीचा सर्व्हर

“सर्व्हर कोणी बंद केल्यान, दाजीनू?”

“मियां केलंय,” शिपाई दाजी दारातूनच म्हणाले. “खंडेनवमीक हत्यारां निजवतत मगे. सगळ्या कॉम्प्युटरांक हळद-कुंकू लावलंय, ह्येकाच कसो जागो ठेवू? आज सकाळी परत चालू केलंय.”

सावित्री की-बोर्डकडे वळली. बोलायला वेळ होताच कुठे! मालवणच्या त्या कॉलेजात ती सात वर्षे कंत्राटावर लॅब सांभाळत होती. ऑनलाइन परीक्षा सुरळीत पार पडली की तुम्हाला कायम करतो, असा प्राचार्यांनी शब्द दिला होता. आणि आज ऐन परीक्षेला एकाही मुलाचा कॉम्प्युटर परीक्षेच्या मशीनपर्यंत पोचेना.

लिनक्सचा तो सर्व्हर तिनेच उभा केला होता. कुणी मशीनचे नाव घेतले की त्याचा आकड्यांतला पत्ता काढून द्यायचा, एवढेच त्याचे काम. परीक्षेच्या मशीनला तिने हौसेने ‘इसवण’ असे सुरमई माशाचे मालवणी नाव दिले होते. आता इसवण कुणालाच सापडत नव्हती.

नावांवरून पत्ते देणारी ती सेवा तिने हाताने सुरू केली. लगेच बंद पडली. पुन्हा केली. पुन्हा पडली. तिच्या पाठीमागे परीक्षेवर देखरेखीला आलेले साहेब घड्याळ बघत उभे. बिघाडाच्या नोंदी उघडल्या तेव्हा कळले, गणपतीच्या धांदलीत दोन नवी मशिने जोडताना नाव-पत्त्यांच्या फाइलीतला एक कंस बंद करायचा राहिला होता. सर्व्हर बंद न होता आधी वाचलेल्या जुन्या यादीवरच चालू होता, म्हणून इतके दिवस खपले; नव्याने सुरू होताना त्याने ती फाइल वाचली आणि अडला. चालत्या माणसाचे गुडघे बसून उठतानाच बोलतात, तसलाच प्रकार.

कंस घातला. मुलांच्या पडद्यांवर इसवण उघडली. परीक्षा अर्धा तास उशिरा सुरू झाली.

“उशिराचं कारण अहवालात लिहावं लागेल,” साहेब म्हणाले.

“कारण उघड आहे,” तेवढ्यात येऊन पोचलेले प्राचार्य कडाडले. “दाजींनी न विचारता मशीन बंद केलं. चौकशी लावतो.”

दाजी शिमग्याला निवृत्त व्हायचे होते. चौकशी लागली की पेन्शन अडकलीच. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

सावित्रीला भीती वाटली. गप्प राहावे, असेही वाटले. पण खोट्याला साथ कशाला देऊ?

“सर, नुसतं बंद करून काही बिघडलं नसतं,” ती म्हणाली. “फाइल माझी. चूकही माझीच. तसंच लिहा.”

साहेबांनी तसेच लिहिले.

बाहेर दाजींनी तिला गाठले. “बाये, माझ्यासाठी खोटां कित्याक बोललंस?”

“खोटां खंय, दाजीनू? खरां तांच सांगलंय.”

त्यांना काही ते पटले नाही.

सोमवारी प्राचार्यांनी दाजींच्या हातात सूचना-फळ्यावर लावायला कागद दिला: सावित्रीच्या जागी कंत्राटावर नवा लॅब सहाय्यक पाहिजे. दाजी कागद धरून फळ्यापुढे नुसतेच उभे. सावित्रीने तो त्यांच्या हातून घेतला, नीट सरळ धरला आणि चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या.