आजोळचा वारा

अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या एका खेपेत गोवर्धनला काय काय मिळणार होतं? तोडलेली लेक, कधी न पाहिलेला नातू, आणि देवळात खाली घालावी लागणारी मान वर. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सुरिनाम गावातल्या मासे धरणाऱ्याशी लग्न केलं म्हणून सुनयनाला त्यानं टाकलं होतं. आता तिनंच निरोप धाडला होता: पोराला देवी आल्यात, बाबांनी यावं. कांजिण्यांना ते देवीच म्हणत, आणि कडुनिंबाच्या डहाळीनं पहिला वारा आजोळच्या वडीलधाऱ्यानं घालायचा, ही त्यांच्यातली चाल. असा सौदा कोण सोडील?

त्याची बायको अनुसया मात्र त्यांच्या गावापासून, पितोंपासून, बसमध्ये रडत होती. "रक्ताचा कॅन्सर आहे तुम्हांला. पुरळाच्या तापाजवळ जायचं नाही म्हणाले ना डॉक्टर?"

"माझ्या पांढऱ्या पेशी दसपट आहेत, असंही म्हणाले! घरात एवढे पहारेकरी असताना..."

"दिसायला पक्क्या, आतून पोकळ. गर्दी करतात, लढत नाहीत, कामाच्यांना जागा देत नाहीत."

"म्हणजे आपल्या देवळाची कमिटी," गोवर्धन हसला. "तरी गणपती बसतोच की दर वर्षी!"

रोग लपवायचा हुकूम त्याचाच. त्याला कुणाची दया नको होती. अनुसयानं तो पाळला. पण दारात पोचताच तिनं चक्क लेकीचे पाय धरले.

"सुनू, यांना आत नेऊ नकोस. रक्तात रोग आहे. कांजिण्या कधी आल्या नाहीत यांना. मरतील गं!"

सुनयना मागं सरली. "आयो, आई! माझं लग्न मोडायला तू छातीत कळ आल्याचं सोंग केलंस. आता बाबांचं रक्त?"

अनुसयानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा एक होकार पुरला असता.

"तुझ्या आईला बस लागते, बाय," गोवर्धन म्हणाला. "डहाळी कुठंय?"

तो उशाशी बसून वारा घालू लागला. पोरानं फोडांनी भरलेला हात त्याच्या गालावर ठेवला. तो काढायला अनुसया धावली, तर सुनयनानं मधलं दार लावून घेतलं. बाहेर अनुसया दारावर हात आपटत राहिली.

पंधरवड्यानं फोड गोवर्धनच्या अंगावर उठले, मग फुप्फुसात उतरले. इस्पितळात डॉक्टरांकडून रोगाचं नाव ऐकून सुनयना आईवरच उलटली, "माझ्या लग्नाच्या वेळी खोटं बोलली नसतीस, तर मी ऐकलं असतं!"

त्यानंतर ती पितोंला आली नाही.

पोर बरं झालं. गोवर्धनला लेक मिळाली, एका दुपारपुरती. अनुसयाचा नवरा गेला, आणि लेकही.