हात लावून बघा

शाळेत नवी खोली झाली. दारावर निळी पाटी लागली आणि तिच्यावर ठळक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘हात लावून बघा’. मुलांनी इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर स्वतः करून शिकावं म्हणून एका देणगीदार बाईंनी ती खोली करून दिली होती. आत काचेची कपाटं, कपाटांत डबे, डब्यांत मोटरी, सेन्सर, इवलेसे बोर्ड, रंगीबेरंगी वायरी. आणि कपाटांना कुलपं! चावी मोठ्या बाईंच्या पर्समध्ये. झालं की नाही शिक्षण?

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना कपाटांसमोर उभं केलं आणि बजावलं, “महागाच्या वस्तू आहेत. कुणी हात तर लावून बघा!”

शब्द पाटीवरचेच. मध्ये नुसता एक ‘तर’ आला आणि आमंत्रणाची धमकी झाली.

सातवीतल्या पक्कडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकदा धरलेली गोष्ट ही पोरगी सोडत नसे, म्हणून घरीदारी सगळे तिला पक्कडच म्हणत. बंद पडलेलं घड्याळ, कुरकुरणारा पंखा, तिच्या तावडीतून काही सुटलं नव्हतं. आणि तिनं आता हाताची घडी घालून तासभर काय बघायचं? तर फळा! विज्ञानाचे सर बिचारे खडूनं बॅटरी काढत, खडूनं मोटर काढत, मग दोन्हींना जोडणारी खडूची वायर ओढत.

“सर, ही मोटर फिरणार कधी?” पक्कडनं विचारलं.

वर्ग खो खो हसला. सरही हसले, पण ओशाळून. “चावी माझ्याकडे नाही गं,” ते म्हणाले.

तिला मोटर मिरवायला नको होती. घरी दुपारभर आजोबा एकटे असत. त्यांना फार कमी ऐकू यायचं आणि कानातलं यंत्र घातलं की डोकं दुखायचं, म्हणून ते डबीत पडून होतं. आजोबा दाराला आतून कडी घालून झोपत. पक्कडकडे चावी होती, पण आतल्या कडीपुढे चावी काय करणार? शाळेतून आली की ती दार बडवायची. शेजारपाजारचे जागे व्हायचे, आजोबा मात्र गाढ झोपेत. गेल्या महिन्यात ती अंगात ताप घेऊन आई येईपर्यंत पायरीवर बसून राहिली. तेव्हापासून आजोबा दुपारचे झोपेनासे झाले. नात ताटकळेल म्हणून दाराजवळ खुर्ची टाकून पेंगत बसायचे.

म्हणून तिनं ठरवलं होतं. बाहेर बेलचं बटण, आत उशीखाली थरथरणारी मोटर. आजोबांना तिनं कानाशी ओरडून समजावलंसुद्धा होतं, “उशी थरथरली की समजायचं, मी आले!” जुन्या बेलचं बटण होतं, वायर होती. मोटर कुठली घ्यायची आणि कशी जोडायची, तेवढंच अडलं होतं. बाबा म्हणाले, “अगं, शाळेत एवढी खोली झालीये, तिथेच शिक की!”

शिक की म्हणे!

मग एक दिवस मोठ्या बाईंनी तिलाच बोलावलं. देणगीदार बाई खोली बघायला येणार होत्या. टेबलावर एक काठी होती, तयार, विकत आणलेली. अंध माणसासाठी. समोर काही आडवं आलं की मूठ थरथरते. मूठ थरथरते! पक्कडचे डोळे तिथेच खिळले.

“तुझा आवाज खणखणीत आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. असणारच, रोज आजोबांशी बोलून तयार झालेला आवाज तो. “हिच्याशेजारी उभं राहून म्हणायचं, ही काठी मी माझ्या हातांनी बनवली. पाठ कर.”

“पण मी कुठे बनवली?”

“शाळेसाठी एवढंही नाही करणार?”

“मग नंतर मला कपाट उघडून द्याल? मला खरंच काहीतरी बनवायचंय.”

“पाहू,” मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यांचं ‘पाहू’ शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पक्कडनं ते वाक्य पाठ केलं. दर वेळी म्हणताना चीड यायची, बाईंची आणि स्वतःचीही. पण आजोबांची ती खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

कार्यक्रम नव्या खोलीसमोरच्याच हॉलमध्ये होता. पालकांनाही बोलावलं होतं. आई-बाबांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून आजोबा आले. इस्त्रीचा सदरा घालून, पहिल्या रांगेत, कानामागे हात धरून. देणगीदार बाई त्यांच्याशेजारीच बसल्या. काठी स्टेजवर काचेच्या पेटीत ठेवली होती.

पक्कड तिच्याशेजारी उभी राहिली. “ही काठी मी...”

“काय म्हणतेय?” आजोबांनी शेजारी विचारलं. त्यांना वाटलं कुजबुजले, पण अख्ख्या हॉलनं ऐकलं. मग त्यांनी तिलाच हाक मारली, “अगं, ही तू केलीस होय? स्वतः?”

चेहरा असा फुलला होता त्यांचा! साऱ्या जगाशी खोटं बोलली असती ती, पण या चेहऱ्याशी?

“नाही, आजोबा!”

“काय?”

“मी नाही केली!”

“आँ? जरा मोठ्यानं बोल!”

“मी नाही केली, आजोबा!” आता मात्र बांध फुटला. “विकत आणलीये! आम्हाला कशालाच हात लावू देत नाहीत! कपाटांना कुलपं आहेत! आम्ही खडूच्या मोटरी बघतो!”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. देणगीदार बाईंनी मान वळवून खोलीच्या दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला. पक्कड पेटीकडे वळताच त्या दातओठ खात म्हणाल्या, “हात तर लावून बघ!”

“बघते की,” पक्कड म्हणाली आणि तिनं झाकण उचललं.

काठीच्या बॅटरीपाशी वीज अडवणारी प्लॅस्टिकची पट्टी अजून तशीच होती. आणल्यापासून कुणी एकदाही चालू करून बघितली नव्हती! तिनं पट्टी खेचून काढली, खाली उतरली आणि काठीची मूठ आजोबांच्या हातात दिली. मोठ्या बाई पुढे झाल्या, तर विज्ञानाचे सर नेमके त्यांच्या वाटेत येऊन उभे राहिले आणि हललेच नाहीत.

पक्कडनं काठीच्या सेन्सरसमोर तळहात धरला.

मूठ थरथरली. आजोबा दचकले. त्यांनी मूठ घट्ट धरली, डोळे मिटले आणि मग तोंडभर हसले.

“आलीस होय!” ते म्हणाले, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. “थांब हं, कडी काढतो.”