पस्तिसावा हात

हेड ऑफिसने पाठवलेल्या प्रेझेंटेशनचं नाव होतं, ‘हमिंगबर्डकडून शिका, स्वतःला जपा’. ते अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या यार्डातल्या वेल्डर-फिटर मंडळींना हिंदीत समजावून सांगायचं काम एचआरच्या विभावरी कर्णिकांकडे आलं. त्यांनी ते नेहमीच्या निष्ठेने स्वीकारलं. वीस वर्षं नोकरी टिकवायची तर निष्ठा विषय बघून ठेवता येत नाही.

तयारी म्हणून त्यांनी आठवडाभर पक्षीसुद्धा बघितला. अल रीम आयलंडवर त्यांच्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत जास्वंदीची कुंडी होती आणि तिच्यावर एक चिमुकला, काळाजांभळा पक्षी येई. बाकदार चोच, अंगात वारं शिरल्यासारखी लगबग. बाई चहाचा कप घेऊन त्याच्याकडून शिकत. तो सारखा खायचा. यांचा नाश्ता गाडीत, सिग्नलला. तो मध्येच फांदीवर नुसता बसायचा. या बसल्या की यांना मशीनमधले कपडे आठवायचे. आणि बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या काखेखाली जाई.

तिथे एक गाठ होती. मार्चमध्ये आंघोळ करताना लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. दुखत नव्हती. त्यामुळे बाईंनी आखातातला कुठलाही समंजस मराठी माणूस करतो तेच केलं. ‘जुलैत इंडियाला जाऊ तेव्हा दाखवू,’ असं ठरवलं. इथे माणसं चष्म्याचा नंबर, गुडघा, मूळव्याध, सगळं सुट्टीपर्यंत जपून ठेवतात. विमा इथला, हॉस्पिटल दहा मिनिटांवर. पण विश्वास पुण्यातल्या सोसायटीखालच्या डॉक्टरांवर.

जुलै आला. पुतण्याची मुंज, दोन केळवणं, सासूबाईंचा मोतीबिंदू. सासूबाईंच्या डॉक्टरांकडे त्या चार वेळा गेल्या, स्वतःच्या एकदाही नाही. गाठ परत अबुधाबीला आली. आता नोव्हेंबर होता आणि ती बोराएवढी झाली होती. नवऱ्याला, सूर्यकांतला, त्यांनी सांगितलं नव्हतं. उगीच टेन्शन घेतो. शिवाय डिसेंबरची तिकिटं काढलेलीच होती.

सकाळी सहाला यार्डात कामाआधीची सुरक्षेची बैठक असते, तिथेच हा कार्यक्रम झाला. समोर हेल्मेटं घातलेली चाळीसेक माणसं उभी. शेजारी पठाण फोरमन हमदुल्ला, छातीशी हजेरीचा तक्ता धरून.

“ये पंछी हर दस मिनट में कुछ ना कुछ खाता है,” बाई म्हणाल्या.

“मॅडम,” हमदुल्ला गंभीरपणे म्हणाला, “ये लोग हर दस मिनट में खाएगा, तो काम इन्शाल्ला कौन करेगा?”

हशा पिकला. बाईंनी पक्ष्याचं चित्र दाखवलं आणि हा आपल्याकडेही येतो, मी रोज बघते, असंही सांगून टाकलं.

“नाय हो मॅडम,” मागून दगडू बोलला. दगडू कुडाळचा, अकरा वर्षं जुना वेल्डर. “तुमच्याकडे येता तो शिंजीर. आमच्या परसात केळीच्या बोंडाला लटकलेला असतो. हा चित्रातला अमेरिकेतच असतो. मोबाइलवर बघितलंय मी.”

म्हणजे आठवडाभर बाई भलत्याच गुरूकडे शिकत होत्या. त्यांनी घाईघाईने शेवटची स्लाइड लावली. तिच्यावर प्रश्न होता: ‘मी स्वतःची काळजी पुढे ढकलतो का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यांचा आकडा हेड ऑफिसला कळवायचा होता.

“जिसने कोई तकलीफ छुट्टी तक रोक रखी है, वो ऐसे हाथ ऊपर करो,” म्हणत बाईंनी हात वर करून दाखवला.

 पहिला हात दगडूने वर केला. “माझी दाढ. दोन वर्षं.”

“अरे, कंपनीचं कार्ड आहे ना! इथे का नाही दाखवलीस?”

“इथे डॉक्टरला हिंदीत सांगेपर्यंत दुखायची थांबते, मॅडम. गावाक गेलो मे महिन्यात, तर भाचीचं लग्न. मग घराची कौलं. दाढ होती तशी परत घेऊन आलो.” तो हसला. “विमानात तिचं वजन धरत नाहीत, ते एक बरं.”

सगळे हसले आणि हात वर जाऊ लागले. कोणाची कंबर, कोणाची रक्तातली साखर, कोणाला जिना चढताना छातीत येणारी कळ. बाईही हसल्या, पण ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

हमदुल्लाने पेनाने हवेत मोजलं. “पैंतीस.”

बाईंनी मोजले. “चौतीस.”

“पैंतीस, मॅडम.”

“मैंने दो बार गिना, हमदुल्लाभाई. चौतीस.”

“आपका भी ऊपर है,” तो म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. तो रोज डोकी मोजायचा, तसेच त्याने हात मोजले होते.

बाईंनी वर बघितलं. हात अजून तिथेच होता. तो खाली घ्यायला काही सेकंद लागले. मग हमदुल्ला ओरडला, “खलास! यल्ला, काम!”

आकडा पस्तीसच गेला. बाईंनी ऑफिसात येऊन अर्धा दिवस रजा टाकली, कारणाच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही आणि हॉस्पिटल गाठलं.

सोनोग्राफी करणारी नौशीन बोलकी होती. “कब से है, आंटी?”

“मार्च.”

“इसी मार्च से?” ती म्हणाली. मग ट्रॅफिक, मग तिच्या मुलाची परीक्षा. काखेखाली गार जेल फिरत होतं. एका जागी तिचा हात थांबला, थोडा पुढे गेला, पुन्हा तिथेच आला. परीक्षेची गोष्ट गणिताच्या पेपरापाशी तुटली ती तुटलीच.

“दो मिनट, डॉक्टर को बुलाती हूँ.”

खोलीत यंत्राची घरघर राहिली. बाईंनी कोरड्या हाताने पर्समधून फोन काढला.

“हं, बोल,” सूर्यकांत कुजबुजला. “मीटिंगमध्ये आहे गं. संध्याकाळी बोललं तर चालेल?”

पंचवीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेलं होतं आणि ते त्यांच्या ओठांवर आलंही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नाही चालणार.”

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणाला तरी ‘सॉरी, सॉरी’ म्हटल्याचा, दार लागल्याचा.

“काय झालं, विभा? कुठे आहेस तू?”

बाहेरून पावलं जवळ येत होती. दोन माणसांची होती.

“ऐक,” त्या म्हणाल्या, आणि मार्चपासून सुरुवात केली.