आईच्या रकान्यातलं नाव

माझी बायको सायराकुल फेब्रुवारीत गेली. नातू एमिल सप्टेंबरात जन्मला. ऑक्टोबरात माझ्या मोठ्या बहिणीने नोंदणी कचेरीत जाऊन माझ्या मेलेल्या बायकोला त्याची आई करून टाकलं, आणि बाप म्हणून मला लावलं.

जिने हा जन्मदाखला लिहिला त्या बुरुलचानेच आठ महिन्यांपूर्वी सायराकुलच्या मृत्यूचा दाखला लिहिला होता. त्याच टेबलावर. मातीलाही ती आली होती, घोड्याचं मटण पोटभर खाऊन वर पिशवीत भरून घरी घेऊन गेली होती. तरी तिला काही आठवलं नाही. आमच्या गावात कचेरीत ओळखीचं माणूस असलं की त्याचं विसरणं आपोआप वाढतं.

एमिलची आई म्हणजे माझी मुलगी बेगायिम. बाप योर्ग नावाचा जर्मन. तो किरगिझस्तानात, आमच्या डोंगरातला बर्फ मोजायला आला होता. बर्फ मोजायचा पगार मिळतो हे मला त्याच्यामुळे कळलं. दोघं काराकोल शहरात एका खोलीत राहत होती. लग्न नाही. मुल्ला म्हणाला, आधी मुसलमान हो. योर्ग म्हणाला, विचार करतो. तो अजून विचारच करतोय. मुलाच्या जन्माआधी त्याचं काम संपलं आणि तो परत गेला. जूनमध्ये येतो म्हणाला, तेव्हा सगळा गाव हसला.

कानिशाय एजे, म्हणजे माझी ही बहीण, हसली नाही. एजे म्हणजे आमच्यात ताई. तिला लाज वाटली. तिची लाज नेहमी दुसऱ्याच्या घरात असते. तिच्या मुलाने, झानिशने, तीन निके लावले, तिन्ही मुल्लासमोर, कचेरीत एकही नाही. त्याच्या पाचही पोरांचे आईबाप कागदावर बिनलग्नाचे आहेत. पण ते चालतं, कारण प्रत्येक वेळी मेंढी कापली होती.

बाळंतपणानंतर बेगायिमला ताप भरला. ती दवाखान्यातच होती. तिने दवाखान्याचा कागद आत्याच्या हातात दिला आणि दाखला काढून आणायला सांगितलं. एजे तो कागद घेऊन आधी माझ्याकडे आली. पहिलं नातवंड आजीआजोबांचं असतं, हे काय मी तुला सांगायचं, असं म्हणाली. तसं ते आमच्यात आहेच. मी स्वतः आजीकडे वाढलो, आणि आईला बरीच वर्षं ताई समजत होतो. पण तेव्हा कुणी कागदावर तसं लिहिलं नव्हतं. एजेचं म्हणणं, कागदावरच लिहू, म्हणजे पोरीचं नाव स्वच्छ राहील, उद्या तिचं कुठेतरी जमेल, आणि तुझं घरही भरलेलं राहील.

मी सही केली. एजेच्या आड मी लपणार नाही. घरात सायराकुलची चप्पल दाराशी तशीच होती. कोपऱ्यात पाळणा होता, त्यावर तिने आजारपणात शिवलेली नवी चादर. कुणासाठी शिवतेस म्हणून मी विचारलं तर शेजारणीसाठी म्हणाली होती. बेगायिमने तिला आधीच सांगितलं होतं, मला नाही. अशा घरात कुणी मूल आणून देत असेल तर माणूस सही करतो. दाखला मी ट्रंकेत ठेवला. बेगायिमने विचारलं तर म्हणायचो, आहे माझ्याकडे, नीट आहे.

जूनमध्ये योर्ग खरंच आला. त्याच्या हातात कागदांची यादी होती. त्याचं म्हणणं साधं होतं. मुलाला दोन्ही पासपोर्ट हवेत. जर्मन नसला तर तिथे ते बापाजवळ राहू शकणार नाही, आणि किरगिझ नसला तर इथे आजोबाच्या घरी पाहुण्यासारखं परवानगी मागून यावं लागेल. त्यासाठी जर्मन वकिलातीत त्याने आपणच मुलाचा बाप असं लिहून द्यायचं, आईने हो म्हणायचं, आणि सोबत जन्मदाखला जोडायचा.

बिश्केकला आम्ही चौघं गेलो. दाखला माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. काय लिहिलंय ते मला माहीत होतं. तरी गेलो. मनात असं होतं की वकिलातवाले नाही म्हणतील, मग पोर इथेच राहील, आणि दोष त्यांचा.

तेवढी वेळच आली नाही. वकिलातीजवळ भाषांतराचं एक दुकान आहे. तिथल्या बाईने चष्मा लावला, दाखला वाचला, परत वाचला.

"सायराकुल कोण?"

"माझी आई," बेगायिम म्हणाली.

"आणि ह्या बाळाची आई?"

"मी."

"ह्याच्यात तसं नाही. ह्याच्यात तू बहीण आहेस." मग बाई माझ्याकडे वळली. "आणि आजोबा, तुम्ही बाप. ह्या वयात. अभिनंदन. बाईसाहेब कुठेत?"

मी सांगितलं, फेब्रुवारीत वारली.

"कुठल्या फेब्रुवारीत?"

मी ते सांगितलं. बाईने चष्मा काढला. हा कागद आत दिलात, ती म्हणाली, तर बाप कोण ते नंतर विचारतील, आधी मेलेली बाई बाळंत कशी झाली ते विचारतील. भाषांतराचे पैसे तिने घेतले नाहीत. योर्गला काही समजलं नव्हतं, तो आपल्या मोडक्या किरगिझमध्ये शिक्का चुकलाय का असं विचारत होता.

बेगायिम ओरडली नाही. ती मला अता म्हणते, म्हणजे बाबा. "अता, तुम्ही हे वाचलं होतं?"

"हो."

तिने एमिलला माझ्या मांडीवरून उचललं. परतीच्या सबंध वाटेत तो तिच्याकडेच होता. ती काराकोलला उतरली आणि म्हणाली, कागद सरळ होईपर्यंत आम्ही घरी येणार नाही.

मी बुरुलचाकडे गेलो. आता तिला सगळं आठवत होतं, फक्त आपण काय केलं तेवढं सोडून. ती म्हणाली, खोटं सांगितल्याची कबुली अर्जदाराने, म्हणजे मी, लिहून द्यायची, त्यावर गावातल्या दोन वडीलधाऱ्यांच्या साक्षी, मग पुढे न्यायालय. मी म्हणालो, देतो. एजे म्हणाली, साक्षीदार कुठून आणशील, चारचौघांत हे सांगणार आहेस?

चारचौघांतच सांगायचं मी ठरवलं. जुलैत एमिल पहिली पावलं टाकायला लागला. मूल चालायला लागलं की त्याच्या पायांना काळापांढरा दोरा बांधतात, गावातली पोरं धावत येतात आणि पहिला आलेला तो कापतो. त्याशिवाय चाल सुटत नाही असं मानतात. त्या दिवसासाठी बेगायिम आली, पण माझ्या अंगणात नाही, समोरच्या मैदानात. योर्गही होता. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते, सगळं गाव जमलं होतं. योर्गला बघून एकाने विचारलं, काय साहेब, औंदा बर्फ किती? लोक हसले. तो बिचारा आकडा सांगायला लागला.

पुकारा करायला म्हातारा इसाक उभा राहिला. एजेने त्याला आधीच पढवलेलं होतं.

"ओर्मोनचा धाकटा मुलगा एमिल..."

"थांब," मी म्हणालो. "ओर्मोनचा, म्हणजे माझा, मुलगा नाही. बेगायिमचा मुलगा, आणि हा उभा आहे ना योर्ग, त्याचा. माझा नातू. हा जन्मायच्या सात महिने आधी सायराकुल गेली, तुम्ही सगळे जेवायला होता. दाखल्यात तिचं नाव आहे ते खोटं आहे. सही माझी आहे."

कुणी हसलं नाही. एजे म्हणाली, "तोंड काळं केलंस आमचं."

"झानिशच्या पाच पोरांचे आईबाप दाखल्यात कसे लिहिलेत, एजे? आणून वाच. मी थांबतो."

ती बोरसोकची परात उचलून पोरांना वाटायला गेली. इसाक खाकरला आणि त्याने पुन्हा पुकारा केला, या वेळी बरोबर. आखूड पायांची एक मुलगी पहिली आली, तिने दोरा कापला. एमिल तीन पावलं चालून माझ्याकडे नाही, योर्गकडे गेला. मला ते आवडलं नाही. पण ते बरोबर होतं.

साक्ष इसाकने दिली आणि शेजारच्या ताबिल्दीने. बुरुलचाची दुसऱ्या टेबलावर बदली झाली. आमच्याकडे याला शिक्षा म्हणतात. नवा दाखला शरदात आला. आईच्या रकान्यात बेगायिम. सायराकुल आता एकाच दाखल्यात आहे, आणि त्यातली तारीख खरी आहे.

डिसेंबरात दोन्ही पासपोर्ट हातात आले, आपला निळा, जर्मन लाल. तिघं जर्मनीला निघाले तेव्हा विमानतळावर मी योर्गला तीनदा सांगितलं की इथून निघताना आणि इथे उतरताना निळा दाखवायचा. त्याने तीनदा मान हलवली. मग बेगायिमला म्हणालो की निळ्याची मुदत संपते, तो नवा करायला मुलाला घेऊन इथे यायचं.

"अता, ते तिथल्या आपल्या वकिलातीतही होतं."

"तिथे फोटो चांगला काढत नाहीत," मी म्हणालो.

मग तिने एमिलला माझ्याकडे दिलं आणि बॅगा तपासायला द्यायला गेली. रांग लांब होती. तेवढा वेळ तो माझ्याकडे होता.