लोटू जाणता नाही

रविवारी सकाळी सुरतेतल्या गोडादऱ्याच्या एका गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मिलला सुट्टी आणि त्यात काशिनाथ जाणता आलेला. गावाकडे भगताला जाणता म्हणतात, आणि काशिनाथ तर साऱ्या खानदेशी वस्तीचा जाणता. पुष्पाबाईच्या नातीचा, चंचलचा ताप आठ दिवस उतरत नव्हता. प्लेगच्या घबराटीला वर्षही झालं नव्हतं; ताप म्हटलं की माणसं हादरायची. डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला होता. पण टायफॉईडशी भांडता येत नाही, त्याला गल्लीबाहेर काढता येत नाही. जाणता मात्र भांडायला माणूस मिळवून देतो.

"हाऊ ताप नही! हाई डाकीण शे!" तंबाखू मळता मळता काशिनाथ गरजला. "आनि ती याच गल्लीमा शे. मी नाव लेवाव नही. पाणीच सांगी!"

किती सोयीचं! नाव पाण्याने घेतलं, म्हणजे उद्या पोलिसांनी धरायचं ते पाण्याला.

पितळी परातीत हळदीचं पाणी होतं. एकेका बाईने त्यात हात बुडवायचा. मंगलाबाईने बुडवला, पाणी पिवळंच. आणखी दोघींनी बुडवला, पाणी पिवळंच. मग सुंदराची पाळी आली. नवरा वारल्यापासून एकटीच राहणारी, साड्यांना फॉल लावून पोट भरणारी सुंदरा. काशिनाथने तिचे दोन्ही तळवे हातात घेतले, मायेने चोळले. "घाबरू नको, माय." तिने हात बुडवले आणि परातीत लाल ढग पसरला.

"रगत! रगत!" एकच गिल्ला झाला. कोणी तिचे केस धरले, कोणी कात्री आणली. पुष्पाबाईने ती परात उचलून गटारात उलटी केली, घाण नको म्हणून. तिचा चुलतभाऊ लोटू मध्ये पडला, त्यालाही मार बसला. दुपारपर्यंत कापलेल्या केसांची सुंदरा खोलीबाहेर होती आणि तिच्या दाराला दुसऱ्याचं कुलूप होतं.

लोटू साधा कामगार. पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये अठरा वर्षं रंग कालवणारा. पाणी लाल होताना त्याने पाहिलं आणि त्याला काही म्हणजे काही नवल वाटलं नाही. हळदीचा डाग पडलेलं कापड सोड्याच्या पाण्यात गेलं की लाल होतं, हे तो रोज पाहायचा. चुन्याचंही तेच. तंबाखूचा चुना काशिनाथच्या तळहाताला होता, तो सुंदराच्या तळव्यांवर गेला, तिथून पाण्यात. काशिनाथने गल्लीला चुना लावला, तोही अगदी खराखुरा.

"भाऊ, माले काही नको," सुंदरा म्हणाली. "फक्त कोर्टाना साहेब म्हणू दे, ही डाकीण नही. मंग मी मन्ही खोलीमा जासू."

तेवढ्यासाठी लोटूने पोलीस केस केली. दीड वर्षाने ती उभी राहिली.

पुष्पाबाईची साक्ष आधी झाली. "सुंदरा डाकीण शे," तिने ठणकावून सांगितलं. मॅजिस्ट्रेट गुजराती होते; कोर्टाचे दुभाषी वसंतराव मराठी करून सांगत.

"साहेब म्हणतात, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं सांगा."

"पाणी लाल व्हयनं."

"बस. डाकीण हे तुमचं मत झालं. ते लिहिलं जाणार नाही."

लोटूच्या छातीवरचं ओझं उतरलं. शहाणा माणूस दिसतो, त्याला वाटलं. त्याची पाळी आली तेव्हा त्याने सगळं नीट सांगितलं: तंबाखू मळलेली पाहिली, तळवे चोळलेले पाहिले, मग पाणी लाल झालेलं पाहिलं. "ते रक्त नव्हतं साहेब. चुन्यामुळे—"

काशिनाथचा वकील ताडकन उठला. हेही मतच आहे! परात नाही, पाण्याचा नमुना नाही, आणि हा मजूर काय केमिस्ट आहे? मॅजिस्ट्रेटनी मान हलवली. मत देता येतं, ते म्हणाले, पण त्या विषयातल्या निष्णाताला. निष्णात व्हायला पदवीच लागते असं नाही, अनुभवही चालतो. विचारा याला.

वसंतराव मुंबईकडचे. त्यांनी 'निष्णात' शब्दाला साधा, कोणालाही समजेल असा मराठी शब्द शोधला.

"साहेब विचारतात, तुम्ही जाणते आहात का?"

लोटूच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्याविरुद्ध तो उभा होता, त्याच्याच पंगतीत त्याला बसवत होते!

"नाही साहेब!" तो मोठ्याने म्हणाला. "मी जाणता-बिणता मुळीच नाही!"

वसंतरावांनी तसंच्या तसं गुजराती केलं. टाइपरायटर खडखडला. वकील हसत खाली बसला.

बाहेर व्हरांड्यात वसंतरावांनी त्याला गाठलं. "अहो, अठरा वर्षं रंगात काढलीत, मग नाही कसं म्हणालात?" लोटूने जाणत्याचा अर्थ सांगितला तेव्हा ते भिंतीला टेकले. दोघं सरकारी वकिलाकडे धावले. वकिलाने फाईल बंद केली, अर्ज करू म्हणाला. तो अर्ज कोणी केला नाही. महिन्याने निकाल लागला: पाणी लाल का झालं याचा पुरावा नाही. संशयाचा फायदा काशिनाथला मिळाला.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना पुष्पाबाईचा पाय मुरगळला. संध्याकाळी लोटू सुंदराची पत्र्याची पेटी घ्यायला गल्लीत आला. सुंदरा आता सुरतेबाहेर, सचिन गावाला राहायला जाणार होती. पुष्पाबाईच्या उंबऱ्यात तिची सून वाटीत लेप कालवत होती. हळद, वर थोडा चुना. बघता बघता वाटी लालभडक झाली.

लोटू तिथेच थांबला. "मावशी, वाटीमा काय व्हयनं?"

"लाल व्हयनं. हयद-चुना लाल व्हसच."

"मंग यान्हामा डाकीण कोन शे? तुन्ही सून?"

पुष्पाबाईने वाटीकडे पाहिलं, लोटूच्या खांद्यावरच्या पेटीकडे पाहिलं. मग तिने पाय पुढे केला.

"ते येगळं, लोटू. हाई औषध शे."

पुरावा होता, साक्षीदार होती, आणि ती घोट्याला पुरावा चोळत बसली होती. पेटी सावरत तो निघाला.

वाचकहो, तुमच्या घरात हळद असेल, पानवाल्याकडे चुना असेल. वाटीत कालवा आणि मुलांना दाखवा. त्यांना विचारा, काय दिसलं? मग विचारा, काय वाटलं? दोन्ही उत्तरं वेगवेगळी ठेवायला त्यांना शिकवा. एवढं जाणायला कोणी जाणता लागत नाही. सुंदराच्या गल्लीत ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.